बटाटा-बेकन सूप

बटाटा-बेकन सूप : बेकनच्या, म्हणजे मीठ लावून मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या, सुटलेल्या चरबीत कांदा परतून, त्यातच बटाटे शिजवून व शेवटी दूध, क्रीम घालून केलेले दाट, पांढरट सूप. अमेरिका आणि उत्तर यूरोपात थंडीच्या दिवसांत ते घरोघरी होते व पावाबरोबर पूर्ण जेवण म्हणून खाल्ले जाते. त्याला ‘क्रीमी’ म्हणायची पद्धत आहे, पण दाटपणाचे बरेचसे श्रेय बटाट्यातील स्टार्चला द्यावे लागते. क्रीम नसले तरी सूप दाट होते. बटाटा चुकीचा निवडला, तर वाटीभर क्रीम ओतूनही ते सावरत नाही.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. सोळाव्या शतकात तो यूरोपात पोचला, तरी शेतकरी त्याला बराच काळ बिचकत होते. प्रशिया या त्या वेळच्या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रीड्रिख याने १७५६ मध्ये बटाटा लावण्याचा हुकूम काढला. पॉट्सडॅम येथील त्याच्या थडग्यावर लोक आजही बटाटे ठेवतात. सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत बटाटे खाऊन राहिलेला फ्रेंच औषधनिर्माता पारमाँतिए मायदेशी परतल्यावर बटाट्याचा प्रचारक झाला, आणि लीक या कांद्याच्या भाईबंदाबरोबर केलेल्या फ्रेंच बटाटा-सूपला त्याचेच नाव मिळाले. जर्मन घरांतील बटाट्याच्या सूपमध्ये गाजर, लीक, सेलरीचा कंद, मार्जोरम ही सुगंधी पाल्याची वनस्पती व ‘श्पेक’ म्हणजे खारवलेली डुकराची चरबी असते; क्रीम असलेच तर नावापुरते. अमेरिकेत आज सर्वाधिक दिसणारा अवतार वेगळा आहे. भट्टीत भाजलेल्या अख्ख्या बटाट्यावर चेडर चीज, आंबट क्रीम, बेकन व कांद्याच्या पातीसारखी चाइव्ह घालून खायची तिथली रीत आहे. तीच सगळी सामग्री या सूपच्या वाडग्यात उतरली आहे.

बेकन म्हणजे मीठ लावून मुरवलेले व बहुधा धुरी दिलेले डुकराचे मांस. अमेरिकी बेकन पोटाकडच्या भागाचे, चरबीचे पट्टे असलेले असते. ब्रिटनमध्ये पाठीकडचे, कमी चरबीचे बेकन जास्त चालते, पण या सूपला ते फारसे उपयोगी नाही. कारण इथे बेकनची चरबी हेच फोडणीचे तेल. बेकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे थंड पातेल्यात घालून मगच खाली मंद आच करतात. पातेले आधी तापवले तर मांस बाहेरून करपते आणि चरबी आतच अडकते. आठ-दहा मिनिटांत तुकडे कुरकुरीत झाले की ते काढून बाजूला ठेवतात. सूपमध्ये सुरुवातीपासून शिजलेले बेकन चव देते खरे, पण दाताखाली चामड्यासारखे लागते.

चार माणसांना साधारण १५० ग्रॅम बेकन, पाऊण किलो बटाटे, एक मोठा कांदा, दोन चमचे मैदा, पाऊण लिटर स्टॉक (कोंबडी किंवा भाज्या उकळून गाळलेले पाणी), पाव लिटर दूध आणि अर्धी वाटी क्रीम पुरते. पातेल्यात दोन-तीन चमचे चरबी ठेवून तीत कांदा मऊ होईपर्यंत परततात, मैदा घालून मिनिटभर भाजतात आणि स्टॉक थोडे थोडे ओततात, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पिठल्याला बेसन कालवणाऱ्या हाताला हे वेगळे शिकवावे लागत नाही. नंतर बटाट्याच्या फोडी टाकून त्या सहज मोडेपर्यंत शिजवायच्या. खरे तर बटाटा नीट पिठूळ असला तर मैद्याची गरजच नाही. पुष्कळ जण तो सवयीने घालतात.

पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त व पाणी कमी असते. तो शिजल्यावर विरघळतो आणि रस दाट करतो. अमेरिकेत त्यासाठी रसेट वापरतात. कॅनडातील ग्वेल्फ येथे तयार झालेला पिवळसर युकॉन गोल्ड मधल्या जातीचा, म्हणून त्याच्या काही फोडी अख्ख्या राहतात. आपल्याकडच्या बाजारात यासाठी नवा, पातळ सालीचा बटाटा टाळून जुना घ्यावा. मात्र शीतगृहातल्या थंडीत स्टार्चची साखर होते, त्यामुळे तिथे फार काळ राहिलेला बटाटा सूपला गोडसर करतो.

शिजलेल्या फोडींपैकी निम्म्या पळीने किंवा रवीने घोटतात. मिक्सरच्या पात्याने बटाट्याच्या पेशी फुटून स्टार्च मोकळा होतो व सूपची खळ बनते. ती पुन्हा सूप होत नाही. दूध, क्रीम व चीज आच उतरवूनच घालतात. आंबट क्रीम तर सर्वांत शेवटी : उकळले तर ते फाटते, आणि आधी घातले तर त्याच्या आंबटपणाने बटाटा लवकर मऊ पडत नाही. मीठही शेवटी चाखूनच. बेकन, स्टॉक आणि चीज तिन्ही खारट असतात.

‘बटाटा’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘बताता’वरून आला, आणि पोर्तुगीजांचे बटाट्याचे सूपही गोव्यात पोचले. उत्तर पोर्तुगालच्या मिन्यो भागातील ‘काल्दु व्हेर्द’मध्ये बटाटा पाण्यात शिजवून घोटतात, कोबीवर्गातील पालेभाजी केसासारखी बारीक चिरून घालतात आणि वर शुरिसु सॉसेजच्या चकत्या ठेवतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांत त्या पाल्याऐवजी पालक येतो. त्यात क्रीमचा थेंब नसतो, तरी सूप दाटच असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये बेकनसह प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला. त्यामुळे बेकन कमी घालणारे किंवा फक्त वरून भुरभुरवणारेही आहेत. उरलेले सूप फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते व घट्ट होत जाते. गरम करताना थोडे दूध घालून मंद आचेवर सैल करावे. गोठवले तर क्रीम फुटते आणि बटाटा रवाळ होतो.