मेणाने गोठलेलं तेल आणि अ‍ॅस्फाल्टिनने घट्ट झालेलं तेल

राजस्थानातल्या मंगला क्षेत्राचं कच्चं तेल आणि गुजरातेत मेहसाण्याजवळच्या बालोलचं कच्चं तेल डिसेंबरच्या पहाटे नागपुरात दोन बादल्यांत भरून ठेवलं, तर दोन्ही काळपट दिसतील आणि बादली आडवी केली तरी लगेच सांडणार नाहीत. बघणारा दोन्हींना ‘जड तेल’ म्हणून मोकळा होईल. पण त्यांच्या घट्टपणाची कारणं अगदी वेगळी आहेत. तेल वाहून कसं न्यायचं, त्यातून काय काढायचं, हे त्या कारणावरच ठरतं.

मंगलाचं तेल मेणामुळे गोठून बसतं. लांब, सरळ साखळीचे हायड्रोकार्बन गारठ्यात स्फटिक होतात, स्फटिक एकमेकांत अडकून जाळी होते आणि उरलेलं पातळ तेल तिच्यात कोंडलं जातं. दोनेक टक्के मेण असं वेगळं झालं तरी पुरतं. हिवाळ्यात आपण खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवतो, तसंच हे: ठरावीक तापमानाखाली गोठायचं, त्यावर गेलं की सरळ पातळ व्हायचं. ज्या किमान तापमानाला तेल वाहतं, तो त्याचा पोअर पॉइंट. मंगलाचा ४० अंशांच्या वर आहे. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी ४५ अंशांना ते जेमतेम वाहील आणि रात्री पुन्हा बसेल. म्हणून बाडमेरहून गुजरातच्या किनाऱ्याला जाणारी सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन वाटभर गरम ठेवतात.

मेणाच्या तेलाची आणखी एक गंमत आहे, आणि मला तीच सगळ्यात विलक्षण वाटते: आधी ते किती तापलं आणि कसं निवलं, यावर पुढचं गोठणं अवलंबून असतं. आसामातलं तेलही मेणाचंच. दुलियाजानला ते पाइपलाइनमध्ये सोडण्याआधी चांगलं तापवून, मग ठरवलेल्या वेगाने थंड करत. त्यामुळे स्फटिकांची ठेवण बदलते आणि तेच तेल कमी तापमानालाही वाहतं.

बालोलच्या तेलात असं काही घडत नाही. तिथे घट्टपणा रेझिन आणि अ‍ॅस्फाल्टिन यांचा: कार्बनी कड्यांचे मोठे, एकमेकांना चिकटून बसणारे रेणू, ज्यांत गंधक, नायट्रोजन, निकेल, व्हॅनेडियमही अडकलेलं असतं. थंडीत ते हळूहळू घट्ट होत जातं आणि उष्णतेने हळूहळूच सैल होतं. अमुक अंशाला गोठलं, असं बोट ठेवता येत नाही. जमिनीखालीही ते इतकं जड की बालोलला विहिरीतून हवा सोडून थोडं तेल आतच जाळतात. त्या उष्णतेने बाकीचं पातळ होऊन पुढे सरकतं.

गोंधळ वाढतो तो एपीआयच्या आकड्यामुळे. हा आकडा फक्त घनता सांगतो. पाण्याचा १०, आणि ३१ च्या वर गेलं की तेल हलकं. मुंबई हायचं तेल या हिशेबात चांगलं हलकं, तरी त्याचा पोअर पॉइंट ३० अंशांच्या आसपास. नागपुरात अमरावती रोडवरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत) पेट्रोकेमिकल शिकणाऱ्या कुणालाही मी सांगेन, आधी हा भेद पक्का करा, आकडे मग पाठ करा.

शुद्धीकरणात दोघांच्या वाटा फुटतात. मेणाच्या तेलाचं डिझेल इंजिनात सहज पेट घेतं, मेण तर मिळतंच. जड तेलातले धातू उत्प्रेरक निकामी करतात, पण रस्त्याचं डांबर त्याच्याच तळाच्या गाळातून उत्तम होतं. उन्हाळ्यात हवेचं कमाल तापमान ४५ च्या पुढे टिकून राहतं तिथे व्हीजी-४० आणि त्याच्या लगेच खालच्या टप्प्यात व्हीजी-३० दर्जाचं डांबर वापरायचं (व्हीजी म्हणजे घट्टपणाची प्रत), असं भारतीय मानक सांगतं. नागपूर नेमकं या सीमेवर येतं. सिमेंटचे रस्ते कितीही झाले, तरी डांबरी रस्त्यांना हे बघावंच लागतं. डांबरात मेण जास्त असेल तर ते उन्हात पटकन मऊ पडतं आणि थंडीत तडकतं.

उपायही एकमेकांना चालत नाहीत. मेणाचे स्फटिक वाढू न देणारं रसायन बालोलच्या तेलाला फारसं उपयोगी नाही. उलट अ‍ॅस्फाल्टिनचं तेल पातळ करायला हेप्टेनसारखं सरळ साखळीचं हलकं द्रावण फार ओतलं, तर अ‍ॅस्फाल्टिन त्यातून फुटून काळ्या गाळासारखं खाली बसतं आणि पंप, गाळण्या तुंबतात. ते टोल्युइनमध्ये विरघळतं, हेप्टेनमध्ये नाही. प्रयोगशाळेत अ‍ॅस्फाल्टिन ओळखतात तेही याच कसोटीवर.