बेशरमाखालची मरळ : फ्लाय मासेमारी करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

दांडी, रीळ आणि डबीभर फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली नकली आमिषं, घेऊन तुम्ही निघता तेव्हा काउंटरवर उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक सोबत देतो. घरी निवांत वाचा. वैनगंगेच्या काठी आमच्या ओसरीवर आजोबांनी आणि वडिलांनी जाळी विणली. त्याच ओसरीवर आज आम्ही फ्लाय बांधतो.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती लांब फेकता यायला पाहिजे?’ मरळीसाठी पंधरा पावलं पुरतात. पण त्या पंधरा पावलांवर फ्लाय सुपाएवढ्या जागेत पडली पाहिजे. लांब फेकणारे रिकाम्या हाताने परतताना आम्ही रोज बघतो, कारण मासा मोकळ्या पाण्यात नसतोच. तो आडोशाला असतो.

साध्या गरीला शिसं किंवा आमिषाचं वजन असतं आणि ते वजनच दोरी ओढून नेतं. इथे उलटं आहे. फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि एक गळ, तिला वजन जवळजवळ नाहीच. वजन असतं ते जाड लाईनला, आणि लाईन फ्लायला नेते. म्हणून दांडी मागे नेल्यावर लाईन पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे आणायची. घाई केली की चाबकासारखा कडाका होतो आणि फ्लाय तुटून जाते. गावच्या मैदानात एक सूप ठेवा, गळाच्या जागी लोकरीचा लाल धागा बांधा आणि आठ दिवस रोज अर्धा तास फेका. हा सराव न करता तलावावर गेलात तर तुमचा दिवस झुडपात अडकलेल्या फ्लाय सोडवण्यातच जाईल. दांडी आम्ही ९ फुटी, ८ नंबरची देतो आणि लाईनही ८ नंबरचीच; हा नंबर लाईनच्या वजनाचा. यापेक्षा हलकी दांडी वाऱ्यात मोठी फ्लाय पेलत नाही.

आता आडोसा कसा वाचायचा ते.

भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या मालकीच्या, तलावांत काठाला बेशरमाचं झुडूप माजलेलं असतं. त्याची खोडं पाण्यात उभी असतात आणि मधल्या फटींत सावली असते. त्या सावलीत बेडूक आणि चिंगऱ्या असतात, आणि त्यांच्या मागावर मरळ. मरळीला हवेतला श्वास घ्यायला अधूनमधून वर यावं लागतं. तांबडं फुटताना पाणी काचेसारखं स्थिर असतं, तेव्हा पाळीवर गुपचूप बसून राहा. कुठे पाणी हलकेच फुटलं आणि बुडबुडा उठला, ती जागा डोक्यात पक्की करा. फ्लाय लगेच झुडपात घालू नका. पहिली फेक बाहेरच्या कडेला, दुसरी हातभर आत, तिसरी फटीत. आतला मासा आधीच बिथरला तर तासभर ती जागा गेली.

बेडूक-फ्लाय पडली की वर्तुळं विरेपर्यंत हात हलवू नका. मग लाईन वीतभर ओढा, थांबा, पुन्हा वीतभर ओढा. पाणी फुटलं की सगळेच दांडी वर उचलतात आणि फ्लाय माशाच्या तोंडातून निघून येते. मरळीला फ्लाय तोंडात घेऊन खाली जाऊ द्या, एक श्वास थांबा, आणि दांडी पाण्याच्या दिशेनेच ठेवून डाव्या हाताने लाईन सरळ ओढा. पुढचे पाच-सात क्षण लाईन अजिबात सोडायची नाही. मरळ पहिली झेप खोडांकडेच घेते.

लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाला फ्लाय बांधायचा धागा, बारीक नको, यावर आम्ही हट्टी आहोत, आणि त्याला कारण आहे. मागच्या हिवाळ्यात आंभोऱ्याजवळ गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात, बुडालेल्या बाभळीपाशी, मी स्वतः बारीक लीडर लावून गेलो होतो. मोठी मरळ लागली, बाभळीत शिरली आणि लीडर तुटला. फ्लाय तिच्या जबड्यात राहिली. ती चूक माझीच, आणि ती मरळ अजून डोळ्यांसमोर येते. तेव्हापासून झाडाझुडपांसाठी आम्ही ३० पौंडी लीडरच विकतो, सहा-सात फुटी, आखूड. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून बोथट करूनच फ्लाय डबीत घालतो. मासा सोडताना हात आधी पाण्यात ओले करा.

नदीत गोष्ट वेगळी. पुलाच्या खांबावर वाहतं पाणी आपटतं, तिथे खांबाच्या पुढ्यात एक संथ उशी तयार होते आणि मागे भोवरा. शिवडा आणि शिंगाळा अशाच संथ पट्ट्यात, प्रवाहाकडे तोंड करून, जवळून वाहत जाणाऱ्या लहान माशांची वाट पाहतात. फ्लाय खांबाच्या वरच्या अंगाला टाका आणि प्रवाहाला तिला खांबाला घासून नेऊ द्या. लाईन सैल पडू देऊ नका. दिवस कलल्यावर, सावलीच्या बाजूला, खोलात.

खोलासाठी आम्ही क्लाउझर देतो. बॉब क्लाउझर यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीसाठी १९८७ मध्ये ही फ्लाय घडवली. धातूचे जड डोळे अशा बाजूने बांधलेले असतात की गळाचं टोक वर राहतं, त्यामुळे ती खडकात कमी अडकते. मूळ फ्लायला हरणाच्या शेपटीचे केस लागतात. आपल्या रानातल्या हरणाला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आम्ही गावातल्या बकरीचे केस वापरतो. पाण्यात तेही छान हलतात. बेडूक-फ्लायचं अंग जुन्या रबरी चपलेचं.

कोकणात जाणाऱ्यांसाठी : खाडीत जिताडा आणि तांबोशी कांदळवनाच्या मुळांपाशी, जेट्टीच्या खांबांपाशी असतात. ओहोटीला कांदळवनातून पाणी ओसरतं तेव्हा लहान मासे नाइलाजाने बाहेर येतात आणि शिकारी त्या तोंडाशीच थांबतो. आपल्याकडे भरती-ओहोटी नाही, पण धानाला पाणी सोडायला तलावाचं तुडूम उघडलं की त्याच्या आसपास तसंच घडताना आम्ही पाहिलं आहे. खाडीवरून आल्यावर रीळ आणि गळ गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर गंजून जातील.

आता जे सर्वात जिव्हाळ्याचं आहे ते. पावसाळ्यात मरळ उथळ गवताळ पाण्यात अंडी घालते आणि नर-मादी दोघं पिल्लांची राखण करतात. पिल्लं लालसर असतात, पृष्ठभागाजवळ गोळ्याने फिरतात, लांबून पाण्यावर कुंकू सांडल्यासारखी दिसतात. त्या गोळ्यात फ्लाय टाकली तर मरळ हमखास झडप घालते. भुकेने नाही, पिल्लांसाठी. तिला तिथून उचललं की तो सगळा गोळा शिंगाळ्याच्या नि पाणकावळ्याच्या पोटात जातो. मृगापासून पोळ्यापर्यंत आम्ही मरळीची फ्लाय विकत नाही, मागूनही देत नाही. त्यानंतरही लाल गोळा दिसला तर लाईन गुंडाळा आणि पुढे चला.

पाण्यावर जाण्याआधी परवानगी घ्या. बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात आणि त्यात बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. ढिवर बांधवांच्या पोटाचा प्रश्न आहे तो. त्यांना भेटा, विचारा, ठरलेले पैसे द्या. मासा कुठे बसतो ते त्यांच्याइतकं आम्हालाही कळत नाही. व्याघ्र प्रकल्पात किंवा अभयारण्यात तर मासेमारीचं नावच काढू नका. गोसेखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला नदीत उतरणाऱ्यांनी धरणाचे दरवाजे उघडणार का, हे आधी चौकशी करून घ्यावं आणि भोंगा वाजला की दांडी सोडून आधी काठ गाठावा. दांडीचं काय, ती दुसरी मिळेल.

घरी आल्यावर फ्लाय डबीत ओल्या ठेवू नका, कागदावर सावलीत सुकवा. लाईन कोमट पाण्यात, थेंबभर साबणाने पुसा. लीडरचा तुटका तुकडा पाण्यात किंवा काठावर टाकू नका, बगळ्याच्या पायात तो गुंततो. तो खिशात घालून आणा. गळ मोडलेली फ्लायही आणा. तिचे धातूचे डोळे शाबूत असतील तर आम्ही ते काढून नव्या गळावर बांधून देतो, फक्त गळाचे पैसे घेऊन.