स्वतःचीच फाईल दुसऱ्याला का देता येत नाही: सीएचओनची पार्श्वभूमी

लिनक्सवर सीएचओन (chown, फाईलचा मालक बदलणारी कमांड) वापरून आपलीच फाईल दुसऱ्या यूझरच्या नावावर करायला गेलं की 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं आणि गुपचूप सुडो (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी यूझरच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) लावावं लागतं. फाईल माझी, मग अडवणारा हा कोण? याचं उत्तर लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्समधल्या एका जुन्या भांडणात आहे.

1971 च्या पहिल्या युनिक्समध्ये ही कमांड होतीच. ग्रुप वगैरे नव्हते, एक मालक आणि बाकीचे सगळे परके. मालक आपली फाईल खुशाल कुणालाही देऊन टाकू शकायचा. 1979 च्या सातव्या आवृत्तीत मात्र हा हक्क फक्त रूटकडे. कारण काय, तर लोक फाईली वाटत सुटले तर कोणी किती जागा वापरली याचा हिशोब फसेल, आणि त्याच वाक्यात कंसात कबूलही केलंय की असा हिशोब ठेवणारी सोय मुळात नाहीये! बाजारात तुरी म्हणतात तसलं हे.

पण तुरी पुढे आल्या. 1983 च्या 4.2 बीएसडीत (युनिक्सची बर्कली विद्यापीठातली शाखा) डिस्क कोटा, म्हणजे दर यूझरला जागेची मर्यादा, आला आणि तो हुकवायची युक्ती अगदी सोपी: मोठी फाईल दुसऱ्याच्या गळ्यात मारायची पण ठेवायची आपल्याच बंद फोल्डरमध्ये, म्हणजे कोटा त्याचा संपतोय, फाईल आपल्या ताब्यात, आणि त्या बिचाऱ्याला ती दिसतही नाही. एटी अँड टीच्या सिस्टीम व्ही या दुसऱ्या युनिक्स घराण्याने तरीही देवाणघेवाण चालू ठेवली. मला विचाराल तर त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, काम झालं की फाईल पुढच्याच्या नावावर करून मोकळं व्हायचं, दरवेळी ॲडमिनच्या मागे कशाला लागायचं? फक्त मालक बदलताना सिस्टीमला फाईलवरचा सेटयूआयडी बिट (प्रोग्राम कोणीही चालवला तरी तो मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) उतरवावा लागायचा, नाहीतर स्वतः बनवलेला प्रोग्राम रूटला 'भेट' दिला की आपणच रूट.

1988 च्या पॉसिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टीमचं सामाईक मानक) समितीने कुणालाच दुखवलं नाही, दोन्ही पद्धती चालतील म्हणून टाकलं आणि सिस्टीम कुठल्या बाजूची ते ओळखायला एक लांबलचक नावाचा कॉन्स्टंट दिला. लिनक्स बीएसडीच्या बाजूने गेलं. मालकाच्या हातात उरलं एवढंच की आपण ज्या ग्रुपांत आहोत त्यातला एखादा आपल्या फाईलला लावता येतो. 1999 च्या 2.2 कर्नलपासून मालक बदलायची ही ताकद रूटपणातून वेगळी काढून एक स्वतंत्र कॅपेबिलिटी (वेगळी देता येणारी परवानगी) केली, पण साध्या यूझरला त्याचा काय उपयोग!

टिंबाची गोष्ट छोटी आहे. सीएचओनला मालक आणि ग्रुप एकदम सांगताना आधी दोघांच्या मध्ये टिंब द्यायचे, पण यूझरच्या नावातच टिंब असलं तर घोळ, म्हणून पॉसिक्सने कोलन घेतला. जुन्या स्क्रिप्टांमध्ये रूट टिंब रूट अजून सापडतं आणि चालतंही, फक्त 2022 च्या कोअरयूटिल्स (सीएचओनसारख्या मूलभूत कमांडांचा संच) 9.1 पासून त्यावर वॉर्निंग येते.

आताचा खरा ताप कंटेनरचा, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रामचा. डिस्कवर मालकाचं नाव नसतंच, नुसता नंबर असतो, त्यामुळे कंटेनरमधल्या रूटने जोडलेल्या फोल्डरमध्ये काही लिहिलं की बाहेरही ते रूटचंच दिसतं आणि मग आपण सीएचओन मायनस कॅपिटल आर (आतल्या सगळ्या फाईलींसकट, म्हणजे रिकर्सिव्ह) मारत बसतो. 2013 च्या 3.8 कर्नलमध्ये साध्या यूझरलाही यूझर नेमस्पेस (यूझर नंबरांची आतली वेगळी दुनिया) बनवता यायला लागल्या, आतला शून्य, म्हणजे रूटचा नंबर, बाहेर दुसराच कोणी, पण त्यामुळे जुन्या फाईलींचे नंबर जुळेनात म्हणून पुन्हा सीएचओन. शेवटी 2021 मध्ये 5.12 ला आयडी-मॅप्ड माउंट आले, डिस्कवरच्या नंबरांना हात न लावता माउंट करतानाच मालक बदलून दाखवता येतात.

आणि ते सेटयूआयडी उतरवणं अजून चालू आहे, लिनक्सवर तर रूटने मालक बदलला तरी बिट जातो. सुडो स्वतःच या बिटावर चालतो, म्हणूनच कोणी चुकून सगळ्या यूएसआर फोल्डरवर (सुडोसकट बहुतेक प्रोग्राम इथेच असतात) रिकर्सिव्ह सीएचओन चालवलं (काही जण याला 'चाऊन' म्हणतात ते उगाच नाही, चावूनच टाकतं) की सुडो मरतो, आणि मालक परत रूट केला तरी उठत नाही. सीएचमॉडने (परवानग्या बदलणारी कमांड) तो बिट हाताने परत लावावा लागतो, तेही रूट म्हणून, आणि रूट व्हायचा रस्ता तर आत्ताच बंद केलेला असतो.