उन्हाच्या शहरांतली आइस हॉकी: पार्श्वभूमी, आणि फिनिक्सचा घोळ

एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगमध्ये, फ्लोरिडाने (मायामीजवळची टीम) २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ दोनदा कप जिंकला, दोन्ही वेळा फायनलला समोर कॅनडातलं एडमंटन होतं, तरी "गरम हवेच्या शहरात हॉकी चालत नाही" हे पालुपद काही थांबत नाही. कारण त्याच २०२४ मध्ये, फ्लोरिडाने कप घ्यायच्या दोनेक महिने आधी, फिनिक्सची टीम गाशा गुंडाळून सॉल्ट लेक सिटीला गेली. म्हणजे एकाच वर्षात दोन्ही पार्ट्यांना पुरावा मिळाला, ज्याला जो सोयीचा तो त्याने उचलला. मी फिनिक्सचं प्रकरण जास्त फॉलो केलंय, त्यामुळे इथे तेच जास्त येणार.

बर्फाचा मुद्दा आधी उरकतो. मशीनवर गोठवलेला बर्फ ही काही आजची गोष्ट नाही. १९११-१२ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे थंडी सौम्य असते आणि तळी धड गोठतही नाहीत, तिथे व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरियात असे रिंक उभे राहिले आणि त्यावर प्रोफेशनल लीग चालली. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये पाइप, पाइपांतून शून्याखाली गार केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल, वर जेमतेम इंचभर बर्फ. बाहेर ५ डिग्री असो की ४५, आत फारसा फरक पडत नाही. त्रास असतो तो दमट हवेचा, ओलावा आत शिरला की बर्फ मऊ पडतो, पक (खेळायची रबरी चकती) उड्या मारायला लागतो, मग हवा कोरडी करणारी मशिन्स लावा आणि विजेचं बिल भरा. आणि गंमत बघा, धुक्यामुळे सगळ्यात गाजलेली फायनलची मॅच झाली कुठे तर बफेलोला, बर्फवृष्टीसाठी बदनाम असलेल्या गावात, मे १९७५ मध्ये. हॉलला एसी नव्हता आणि धुकं हटवायला माणसं चादरी हलवत बर्फावर फिरत होती. मायामीत असं झालं असतं तर अजून ऐकवलं असतं.

लीग दक्षिणेकडे वळली ती १९६७ मध्ये, सहाच्या बारा टीम केल्या तेव्हा. टीव्हीवाल्यांना देशभर बाजार दाखवायचा तर कॅलिफोर्निया हवाच, म्हणून लॉस एंजेलिस आणि ओकलंड. ओकलंड १९७६ ला क्लीव्हलंडला गेलं आणि तिथून दोन वर्षांत संपलं. लॉस एंजेलिसचा पहिला मालक स्वतः कॅनडाचा, या भागात तीन लाख कॅनेडियन राहतात म्हणजे गर्दी होणारच असा त्याचा हिशोब, आणि पुढे रिकाम्या खुर्च्या बघून तो म्हणाला म्हणे की आता कळलं हे लोक कॅनडा सोडून का आले, त्यांना हॉकीच आवडत नाही. किस्सा मजेशीर आहे पण त्याने फार नुकसान केलंय, आजही लोक तोच तोंडावर फेकतात. १९७२ ला अटलांटा आलं, १९८० ला कॅलगरीला गेलं.

मग ९ ऑगस्ट १९८८. ९९ नंबरवाला, म्हणजे हॉकीचा सगळ्यात मोठा स्टार वेन ग्रेट्झकी, एडमंटनहून लॉस एंजेलिसला विकला गेला, कॅनडात लोक अक्षरशः रडले, आणि कॅलिफोर्नियात तिकिटं मिळेनाशी झाली. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये लास वेगासला एका कॅसिनोच्या पार्किंगमध्ये उघड्यावर रिंक टाकून प्रदर्शनीय सामना खेळवला, हवा तिशीच्या आसपास, दिव्यांच्या उजेडाला नाकतोडे येऊन बर्फावर पडत होते. सर्कसच होती ती, पण सामना पार पडला. त्यानंतर रांगच लागली: सॅन होजे १९९१, टॅम्पा १९९२, अनाहाइम आणि मायामी १९९३, त्याच वर्षी मिनेसोटाची टीम डॅलसला, १९९६ ला विनिपेगची फिनिक्सला, १९९७ ला हार्टफर्डची नॉर्थ कॅरोलायनाला, १९९८ ला नॅशव्हिल, १९९९ ला पुन्हा एकदा अटलांटा.

इथे एक गोष्ट लोक सोयीस्कर विसरतात. मिनेसोटा, क्वेबेक, विनिपेग, हार्टफर्ड, नव्वदीत टीम गमावणारी ही सगळी थंडीची गावं. तिथे हॉकीवर प्रेम कमी होतं का, अजिबात नाही. कॅनडातल्या टीम्सचा कॅनेडियन डॉलर पडलेला, पगार अमेरिकन डॉलरमध्ये, बाकी सगळीकडे अरीना जुने आणि नवे बांधायला सरकार पैसे देईना. मग तेव्हा कुणी असं का नाही म्हटलं की थंड शहरात हॉकी चालत नाही?

आता फिनिक्स. टीम आली तेव्हा ती डाउनटाउनच्या बास्केटबॉलच्या अरीनात बसवली, बास्केटबॉलचं कोर्ट लहान आणि हॉकीचा रिंक लांबलचक, त्यामुळे हजारो सीट्सवरून एका बाजूचा गोलच नीट दिसायचा नाही. स्वतःचा अरीना हवा होता, तिकिटं घेणारे बरेचसे लोक पूर्वेला, स्कॉट्सडेलकडे, तिथे एका बंद पडलेल्या मॉलच्या जागेवर प्लॅनही झाला पण तो फिसकटला. आणि मग ग्लेनडेल. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला. ग्लेनडेलच्या कौन्सिलने सुमारे १८ कोटी डॉलर घातले, डिसेंबर २००३ मध्ये अरीना सुरू झाला, अरीना एक नंबर, प्रश्न फक्त एवढाच की आठवड्यातल्या मधल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ट्रॅफिकमधून पूर्वेकडचा माणूस तिथे पोचणार कसा. टीमच्या तब्येतीचं सगळं दुखणं इथून सुरू होतं असं माझं स्पष्ट मत आहे, उन्हाचा त्यात काही संबंध नाही.

मे २००९ मध्ये मालकाने टीम थेट दिवाळखोरीत काढली, आणि सोबत गिऱ्हाईकही आणलं. स्मार्टफोनच्या धंद्यात पैसा केलेला कॅनेडियन उद्योगपती, ऑफर २१ कोटी २५ लाख डॉलर, अट एकच, टीम ओंटारिओतल्या हॅमिल्टनला न्यायची. या माणसाने आधी २००६ ला पिट्सबर्ग आणि २००७ ला नॅशव्हिल घ्यायचा प्रयत्न केलेला, लीगला तो नकोच होता, बाकीच्या मालकांनी २६ विरुद्ध ० मतांनी त्याला नाकारलं. त्याचं म्हणणं, दिवाळखोरीत जास्त पैसे देणाऱ्याला माल मिळतो, सर्वांत मोठी ऑफर माझी. लीगचं म्हणणं, टीम कुठल्या गावात खेळणार हे आम्ही ठरवतो, कोर्ट नाही. बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉलच्या लीगसुद्धा यात लीगच्या बाजूने कोर्टात उतरल्या कारण एकदा ही वाट उघडली की कोणताही मालक दिवाळखोरी दाखवून गाव बदलेल. ३० सप्टेंबरला न्यायाधीशांनी दोन्ही ऑफर फेटाळल्या, उद्योगपतीची कायमची, आणि लीगची स्वतःची अशासाठी की त्यात काही देणेकऱ्यांवर अन्याय होत होता. लीगने ऑफर सुधारली आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे १४ कोटींना टीम स्वतःच घेतली. तेवढ्यात ९९ नंबरवाला, जो इथे कोच होता आणि ज्याचा टीममध्ये वाटाही होता, तो बाजूला झाला.

हा निर्णय बरोबर होता का यावर अजून भांडणं होतात. तत्त्व म्हणून मला लीगचं पटतं. पण तत्त्व जिंकल्यावर लीगने जे केलं ते नाही पटत, कारण तेव्हा हातात टीम होती, अरीनाचा तिढा माहीत होता, पूर्वेला जागा शोधायची हीच वेळ होती. त्याऐवजी ग्लेनडेललाच धरून बसले आणि खर्च शहरावर टाकला, अरीनाच्या तोट्यापोटी कौन्सिलने वर्षाला अडीच कोटी असे दोन वर्षं दिले. लहान शहर ते, स्वतःची सेवा-सुविधा कापून हॉकीला पैसे, लोक चिडणारच. आणि मजा म्हणजे लीगच्या मालकीची ही बेवारस टीम २००९-१० मध्ये ५० मॅच जिंकली आणि २०१२ ला कॉन्फरन्स फायनलपर्यंत (कपच्या फायनलआधीची फेरी) गेली. प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) प्रेक्षक सगळे पांढरे कपडे घालून यायचे, ती पद्धतही विनिपेगहून सामानाबरोबर आलेली.

२०१३ ला नवे मालक आले, कौन्सिलने ४ विरुद्ध ३ मतांनी अरीना चालवण्यापोटी त्यांना वर्षाला दीड कोटी द्यायचा १५ वर्षांचा करार केला, २०१५ ला त्याच शहराने तो रद्द केला. पुढचा मालक आला तर २०२१ च्या डिसेंबरमध्ये थकबाकी भरा नाहीतर अरीनाला कुलूप अशी नोटीस, आणि त्याआधीच शहराने सांगून टाकलेलं की सीझन संपला की निघा. मग दोन वर्षं टेंपीतल्या विद्यापीठाच्या रिंकवर, साडेचार हजारांच्या आसपास सीट्स, जगातली सर्वोच्च लीग आणि कॉलेजच्या मुलांचं मैदान. टेंपी म्हणजे पूर्वेकडची, हवी होती तीच जागा. तिथल्या जुन्या कचरा डेपोवर अरीना बांधायचा ठराव १६ मे २०२३ ला मतदानाला गेला आणि तिन्ही प्रश्नांवर लोकांनी नाही म्हटलं. वीस वर्षं उशीर, आणि या मालकाचं रेकॉर्ड बघून कोण हो म्हणणार. एप्रिल २०२४ मध्ये १२० कोटी डॉलरचा सौदा झाला, खेळाडू सॉल्ट लेकला, कागदोपत्री ती नवीनच टीम, आणि जुनी टीम मालकाकडे "निष्क्रिय" म्हणून पाच वर्षांसाठी. नव्या अरीनासाठी हेरलेल्या उत्तर फिनिक्समधल्या सरकारी जमिनीचा लिलाव जूनमध्ये होता, तो आठवडाभर आधी रद्द झाला, आणि मालकाने नाद सोडला.

आणि याच काळात स्कॉट्सडेलला वाढलेला एक मुलगा २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या नंबरवर गेला. वाळवंटात हॉकी रुजत नाही म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते बघावं.

बाकीच्यांचं थोडक्यात. टॅम्पाने पहिला सीझन जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये काढला, मग सेंट पीटर्सबर्गच्या बेसबॉलच्या डोममध्ये, तिथे १९९६ ला प्लेऑफच्या एका मॅचला २८ हजारांवर लोक आले होते, पण मालक भिकार असेपर्यंत सगळं डळमळीतच. २०१० ला धड मालक मिळाला, कप २००४ चा होताच, त्यात २०२० आणि २०२१ ची भर. (२०२० ची फायनल टॅम्पा विरुद्ध डॅलस, दोन्ही गरम शहरं, आणि कोविडमुळे खेळली गेली एडमंटनच्या रिकाम्या अरीनात.) वेगासने २०१५ मध्ये टीम मिळायच्या आधीच दहा हजारांवर सीझन तिकिटांची बुकिंग दाखवली, अरीना खासगी पैशातून स्ट्रिपला (कॅसिनोंच्या मुख्य रस्त्याला) लागूनच, लीगमध्ये यायची ५० कोटी डॉलर फी भरली, २०१८ ला पहिल्याच सीझनमध्ये फायनल, २०२३ ला कप. फ्लोरिडाचं मात्र माझ्या जागेच्या थिअरीत नीट बसत नाही, त्यांचा अरीना मायामीपासून लांब, दलदलीच्या कडेला, कित्येक वर्षं ओस, तरी मालकाने पैसा ओतत ठेवला, काउंटीनेही (तिथलं जिल्हा प्रशासन) मदत केली. तिथे खेळाडूंच्या पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही यावर कॅनडावाले खूप कुरकुरतात, पण तो टॅक्स फ्लोरिडात १९९६ ते २०२० मधल्या पडत्या वर्षांतही नव्हताच की.

आता चर्चा अटलांटाची, तिसऱ्यांदा. दुसरी टीम १९९९ ते २०११ टिकली, प्लेऑफला गेली एकदाच, चार मॅचमध्ये बाहेर, मालक मंडळी आपसातच कोर्टात भांडत होती, शेवटी ती विनिपेगने उचलली. दोन्ही वेळचे अरीना डाउनटाउनमध्ये, एकाच जागेवर. यावेळचे प्रस्ताव उत्तरेकडच्या उपनगरांतले आहेत, जिथे तिकिटं घेणारी कुटुंबं राहतात, आणि काउंटीने किती पैसे द्यायचे यावर घासाघीस चालली आहे.