गादी खरंच सरकते का?

सकाळी मोजा घालायला वाकावं आणि कंबरेत उसण भरावी. ना सरळ होता येतं, ना खाली बसता येतं. मग पायात घोट्यापर्यंत कळ जायला लागते, एमआरआय होतो आणि रिपोर्ट येतो: एल-४ आणि एल-५, म्हणजे कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका, यांच्यामधली चकती बाहेर आली आहे, शीर (मज्जातंतू) दबते आहे. घरात एकच वाक्य फिरतं, 'गादी सरकली'. सरकलेली वस्तू कुणी जागेवर बसवल्याशिवाय नीट कशी होणार? तेव्हा माणूस मनातल्या मनात ऑपरेशनपर्यंत पोचतोच.

या एका शब्दाने फार माणसं घाबरवली आहेत. मुळात गादी, म्हणजे ही चकती, सरकत नाही. चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असते. बाहेरून चिवट तंतूंची कडी, एकीवर एक, आणि मध्ये पाणीदार गर. कड्यांना चीर पडली की गराचा थोडा भाग बाहेर येतो आणि तिथून जाणाऱ्या शिरेला भिडतो.

यापुढे शरीर जे करतं ते फार थोड्यांना माहीत असतं. चकतीच्या गरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातल्या पेशींशी त्याची कधी गाठ पडलेली नसते. बाहेर पडलेला तुकडा त्यांना परका वाटतो. त्याच्याभोवती नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून भक्षक पेशी येतात आणि तुकडा कुरतडून संपवू लागतात. या झटापटीत सूज येते, आणि शीर जी ठणकते ती नुसत्या दाबामुळे नाही, या सुजेमुळेही. म्हणजे ज्या प्रक्रियेने आपण रात्रभर तळमळतो, तीच पुढे तुकडा नाहीसा करते. त्यातही, चकतीपासून पूर्ण तुटलेला मोठा तुकडा हलक्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरतो. रिपोर्टमध्ये जे सगळ्यात भयंकर दिसतं, तेच बऱ्याचदा आपोआप जातं. मात्र याला काही महिने लागतात.

नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे शीर दबून पायात कळ जाणाऱ्या, २८३ रुग्णांची चाचणी झाली. निष्कर्ष २००७ साली आले. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी थांबून उपचार. ऑपरेशनवाल्यांच्या पायाची कळ लवकर थांबली, हे खरंच. पण वर्षअखेरीला दोन्ही गटांत बरं वाटण्याचं प्रमाण सारखंच, ९५ टक्के. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, हेही सांगायला हवं. बाकीच्यांचं मात्र त्यावाचून भागलं.

रिपोर्टबद्दल आणखी एक. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले, तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या चकतीत फुगवटा सापडला. केस पिकावेत तशा चकत्याही झिजतात. दुखणं नेमकं त्या फुगवट्याचंच आहे का, हे डॉक्टर तपासून ठरवतात, फिल्म पाहून नाही.

काही लक्षणं दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नये: लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा लघवी अडणं, जांघा आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, सोबत ताप, कारण नसताना वजन उतरणं, आधी झालेला कॅन्सर, मोठी पडझड.

हे काही नसेल तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंथरूण धरणं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. बरं होण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाले लवकर कामावर गेले. नुसत्या पॅरासिटामॉलवरही भिस्त नको. ताज्या कंबरदुखीत ती गोळी आणि औषध नसलेली गोळी यांत फरक आढळला नाही, हे २०१४ मध्ये दिसून आलं. शेकाने थोडा आराम पडतो, तो जरूर घ्यावा.

आणि त्या मोज्याचं काय? रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावर आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा टम्म चकतीवर वाकताना जास्त ताण येतो. म्हणून उठल्यावर तासभर कंबरेतून वाकणं टाळावं, मोजा बसून, पाय वर घेऊन घालावा.

कंबरदुखी एकदा गेली की परत येते, हा बहुतेकांचा अनुभव. ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू वाढवत चालायला लावलं. लक्ष्य आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास. दुखणं परतायला न चालणाऱ्या गटात साधारण ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. पहिल्या दिवशी दहा मिनिटंसुद्धा पुरतात. चालताना थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं वाटलं, तर तेवढ्यापुरतं अंतर कमी करावं.