कपाळावरची शीर आणि मेंदूतल्या रोहिण्या

तळपायाची आग मस्तकात गेली की कपाळावरची शीर तटतटून उठते, कानशिलं तापतात. रक्त सगळं डोक्यात चढलं, असं आपण म्हणून जातो. पण ती शीर कवटीच्या बाहेरची, कातडीखालची. कवटीच्या आत मेंदूवर पसरलेल्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, त्याच वेळी जे करत असतात ते अगदी निराळं आहे, आणि मला तरी शरीरशास्त्रात त्याहून देखणं फार थोडं आढळलंय.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण त्याला प्राणवायू लागतो २० टक्के. शिल्लक साठा जवळजवळ नाहीच. रक्त तुटलं तर काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि दाब फार वाढला तर बारीक वाहिन्या फुटायची भीती. म्हणून रोहिणीला आपली पोकळी सतत कमी-जास्त करत राहावं लागतं. त्यासाठी फार हालचालही लागत नाही. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो; त्रिज्या १० टक्क्यांनी घटली की प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने उतरतो.

हे काम रोहिणीच्या भिंतीतल्या अनैच्छिक स्नायूपेशी करतात. त्या नळीभोवती कड्यांसारख्या गुंडाळलेल्या असतात. मानेतल्या चेतागंडिकेतून (चेतापेशींच्या गाठीतून) निघालेले अनुकंपी चेतातंतू, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेचे धागे, त्यांच्यापर्यंत पोहोचतात आणि तिथे नॉरअ‍ॅड्रेनलिन हा निरोप्या रेणू सोडतात. आता गंमत पाहा: हाच रेणू स्नायू आवळतोही आणि सैलही सोडतो. कसा? १९४८ साली रेमंड अल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनलिनसारखे अनेक पदार्थ वेगवेगळ्या अवयवांवर वापरून पाहिले आणि सांगितलं, की पेशींवर हा रेणू ओळखणारे रिसेप्टर दोन जातींचे असले पाहिजेत, अल्फा आणि बीटा. त्यांचं म्हणणं बरीच वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे त्याच पायावर जेम्स ब्लॅक यांनी बीटा रिसेप्टर अडवणारी बीटा-ब्लॉकर औषधं घडवली.

अल्फा-१ या अल्फाच्या उपजातीतल्या रिसेप्टरला नॉरअ‍ॅड्रेनलिन चिकटलं की पेशीच्या आतल्या बाजूला असलेलं जी-प्रथिन नावाचं एक निरोप पोहोचवणारं प्रथिन जागं होतं. ते फॉस्फोलायपेज-सी या विकराला कामाला लावतं, त्यातून आयपी-३ नावाचा छोटा निरोप्या तयार होतो आणि तो पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारांची दारं उघडतो. सुटलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरतं, ही जोडी किनेज जातीच्या एका विकराला चालना देते, ते किनेज मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, आणि मायोसिन अ‍ॅक्टिनचे तंतू ओढू लागतं. कडं आवळलं! बीटा रिसेप्टरचं जी-प्रथिन दुसरं. त्याच्यामुळे सायक्लिक एएमपी हा दुसरा छोटा निरोप्या वाढतो, कॅल्शियम पुन्हा कोठारात खेचलं जातं, ते किनेजही मंदावतं आणि कडं सैल पडतं.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. रोहिणीचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याच्या पोकळीतून केसाहून बारीक अशा दोन तारा ओवायच्या आणि ३७ अंशांच्या क्षारद्रावणात तो ताणून धरायचा. नॉरअ‍ॅड्रेनलिन टाकलं की ताणाची रेघ पडद्यावर वर चढते. मग अल्फा रिसेप्टर औषधाने बंद करायचे, तुकडा दुसऱ्या एखाद्या पदार्थाने आवळून ठेवायचा आणि तेच नॉरअ‍ॅड्रेनलिन पुन्हा टाकायचं. आता बीटा रिसेप्टर पुरेसे असतील तर रेघ खाली येते. डुकराच्या मेंदूतल्या रोहिण्या तर काहीही बंद न करता थेट सैलावतात. थोडक्यात, कुठल्या भिंतीवर कोणते रिसेप्टर किती, यावर सारं ठरतं. मेंदूच्या रोहिण्यांचा अल्फा प्रतिसाद त्वचेच्या रोहिण्यांपेक्षा बराच दुबळा असतो. शिवाय रक्तातून आलेलं अ‍ॅड्रेनलिन रक्त-मेंदू अडथळ्यापाशी, म्हणजे मेंदूतल्या वाहिन्यांच्या आतल्या घट्ट अस्तरापाशी, अडतं. स्नायूपर्यंत सहजी पोहोचत नाही.

मग संतापाच्या क्षणी आत काय होतं? दाब एकदम उसळतो, तेव्हा अनुकंपी तंतू मोठ्या रोहिण्या थोड्या आवळून पुढच्या नाजूक फांद्यांना वाचवतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय. माणसात त्याचा वाटा किती, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत.

'मेंदूचा रक्तप्रवाह वाढवा, बुद्धी वाढवा' अशा जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नका. निरोगी मेंदू आपल्या गरजेपुरतं रक्त स्वतःच ओढून घेतो. भराभर, जोरजोरात श्वास घेतल्यावर येणारी गरगर म्हणजे शक्ती जागी झाल्याची खूण, असंही छातीठोक सांगितलं जातं. खरं तर त्या वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रोहिण्या आवळतात आणि मेंदूला रक्त कमी मिळतं. त्याचीच ती गरगर.

अतिदक्षता विभागात जंतुसंसर्गाने दाब कोसळलेल्या रुग्णाला नॉरअ‍ॅड्रेनलिन शिरेतून थेंबथेंब देतात. त्वचेच्या, आतड्यांच्या वाहिन्या आवळतात, दाब वर येतो. मेंदूच्या रोहिण्या मात्र त्या मानाने उघड्या राहतात, आणि वाढलेल्या दाबाने रक्त तिकडे पोहोचतं.