पिकअप आणि ताकद: छोट्या गाड्यांच्या ट्यूनिंगमधला मूळ घोळ

पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राचा, एक दात कमी करून घेतला, गाडी पन्हाळ्याच्या चढाला डबलसीट असतानाही तिसऱ्या गिअरमध्ये निघू लागली, आणि दुसऱ्या दिवसापासून मालक सांगू लागला की इंजिनाची पॉवर वाढली. कोल्हापुरात शंभर ते दोनशे सीसीच्या गाड्यांविषयी जिथे बोलणे निघते तिथे हे विधान हमखास ऐकू येते आणि त्याला कोणी अडवतही नाही. पिकअप सुधारला, हे खरे असते. इंजिनाची ताकद मात्र पूर्वी होती तेवढीच राहिलेली असते. या दोन गोष्टी एकच धरल्यामुळे लोक नको तिथे पैसे घालतात आणि उत्तम चालणारी इंजिने विनाकारण उघडायला लावतात, म्हणून हा फरक एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

स्प्रॉकेट बदलणे म्हणजे काय, हे वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. समजा, पुढे १४ आणि मागे ४२ दाते आहेत. पुढचे चक्र तीनदा फिरले की मागचे चाक एकदा फिरते. पुढे १३ केले की हे प्रमाण ३.२३ होते, म्हणजे ७.७ टक्क्यांचा फरक पडतो. मागे ४२ च्या जागी ४५ बसवले तर प्रमाण ३.२१ येते. पुढचा एक दात कमी करणे आणि मागचे तीन वाढवणे यांचा परिणाम जवळपास सारखाच असतो.

आता मुख्य मुद्दा. इंजिन शाफ्टला जो पीळ देते तो टॉर्क, आणि तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांनी दिला जातो हेही हिशेबात धरले की ताकद मिळते. स्प्लेंडर प्लसचे आकडे घेऊ. तिचा जास्तीत जास्त टॉर्क ६००० फेऱ्यांना सुमारे ८.०५ न्यूटन मीटर आहे आणि जास्तीत जास्त ताकद ८००० फेऱ्यांना सुमारे ८.०२ अश्वशक्ती. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ७०२४ ने भागले की अश्वशक्ती निघते. तो हिशेब केला तर ६००० फेऱ्यांना ताकद ६.९ अश्वशक्तीच भरते, आणि ८००० फेऱ्यांना टॉर्क ७ न्यूटन मीटरपर्यंत उतरलेला असूनही ताकद अधिक भरते. स्प्रॉकेट या साखळीत इंजिनाच्या पुष्कळ पुढे बसलेले असते. ते चाकाला मिळणारी ओढ ७.७ टक्क्यांनी वाढवते आणि त्याच वेगासाठी इंजिनाला ७.७ टक्के जास्त फेऱ्या मारायला लावते. लांब पहारीने जड दगड हलतो, पण हाताला अंतर जास्त कापावे लागते, आणि हातातला जोर काही वाढत नाही. इथेही तेच घडते.

मग गाडी खरोखर चांगली चढते, ती कशामुळे? तर इंजिनात जी ताकद आहे ती ठरावीक फेऱ्यांनाच हाती लागते. वाघबीळच्या पुढच्या चढाला मागे माणूस बसलेला असताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ५००० फेऱ्यांच्या आसपास दमते, आणि दुसऱ्यात टाकले की उगीच ओरडते. लहान स्प्रॉकेटने तिसरा गिअर या दोहोंच्या मधे येतो आणि इंजिन आपल्या चांगल्या टप्प्याच्या जवळ फिरू लागते. आठ अश्वशक्तीतली पूर्वी साडेपाच हाती लागत असेल, ती आता सहा लागते. पिकअप म्हणजे असलेल्या ताकदीतली किती, आणि किती लवकर, हाती येते त्याचे माप. ताकद म्हणजे मुळात किती आहे त्याचे माप. पहिली गोष्ट काही शे रुपयांत सुधारते, दुसरीसाठी इंजिनात जास्त हवा आणि जास्त इंधन जळावे लागते किंवा ते जास्त फेऱ्यांपर्यंत नीट जळावे लागते.

याचा पुरावा हवा असेल तर प्रवेगाच्या त्या जागा पाहाव्यात जिथे बदललेली गाडी मागे पडते. मूळ गाडीचा दुसरा गिअर ५० किलोमीटरच्या वेगाला संपत असेल, तर १३ दातांच्या गाडीचा तो ४६ च्या थोडा वरच संपतो. म्हणजे ४६ ते ५० या पट्ट्यात मूळ गाडी अजून दुसऱ्यात ओढत असते आणि बदललेल्या गाडीला तिसरा टाकावा लागलेला असतो. त्या चार किलोमीटरांपुरती मूळ गाडीच जास्त जोरात पळते. प्रत्येक गिअरच्या शेवटी असा एक पट्टा येतो. ताकद खरोखर वाढली असती तर असा एकही पट्टा सापडला नसता. चाचणी घेणारे मात्र बहुधा एकाच गिअरमध्ये, कमी वेगावरून थ्रॉटल पिळून पाहतात, आणि त्या चाचणीत छोटे स्प्रॉकेट नेहमीच जिंकते, कारण ती चाचणी गिअरिंगचीच असते.

मीटरही या गैरसमजात भर घालते. ज्या गाड्यांत वेगाची केबल पुढच्या चाकातून येते तिथे काही बिघडत नाही. ज्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सपाशी बसवलेला असतो, तिथे स्प्रॉकेट बदलल्यावर मीटर ७.७ टक्के जास्त दाखवते. खरा वेग ७५ असताना काटा ८१ च्या जवळ जातो आणि मालकाची खात्री पटते. फोनवरच्या जीपीएसने एकदा ताडून पाहिले की हा भ्रम दूर होतो.

एक गुंतागुंत इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण जाणकार माणूस तीच पुढे करतो. काही छोट्या गाड्यांचा शेवटचा गिअर मायलेजसाठी इतका लांब ठेवलेला असतो की वाऱ्याच्या विरोधात इंजिन आपल्या सर्वाधिक ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. अशा गाडीत पुढचा दात कमी केल्यावर टॉप स्पीडसुद्धा किंचित वाढू शकतो. तरीही ताकद वाढलेली नसते. पूर्वी न वापरली गेलेली ताकद वापरात आलेली असते. याची किंमत कागलकडे जाताना महामार्गावर मोजावी लागते, कारण एका ठरावीक वेगाला पूर्वी ६५०० फेऱ्या लागत असतील तर आता ७००० लागतात, हँडलला थरथर वाढते आणि पेट्रोलही. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज सपाट रस्त्याने एकट्याने कामाला जाणाऱ्याने म्हणूनच कंपनीचे स्प्रॉकेट बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचे येणे-जाणे पन्हाळा, ज्योतिबा किंवा वैभववाडीहून करूळ घाटाने गगनबावड्याला वर चढण्याचे आहे, आणि तेही डबलसीट, त्याने जरूर बदलावे.

खरी ताकद कशी वाढते याचे उत्तम उदाहरण दोन परिचित गाड्यांत दिसते. बजाजची पल्सर १५० आणि यामाहाची १५५ सीसीची आर१५ यांच्या टॉर्कमध्ये फार अंतर नाही: एकीचा सुमारे सव्वातेरा न्यूटन मीटर, दुसरीचा सुमारे चौदा. ताकद मात्र अनुक्रमे सुमारे १४ आणि साडेअठरा अश्वशक्ती. हे अंतर आर१५ चे इंजिन १०,००० फेऱ्यांपर्यंत मोकळा श्वास घेऊ शकते म्हणून पडते: चार व्हॉल्व्हचे हेड (सिलिंडरचा वरचा भाग), पाण्याने थंड होणारा ब्लॉक, आणि ७४०० फेऱ्यांना इनटेकचा दुसरा कॅम (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) लागू करणारी यंत्रणा. हे सगळे एकमेकांशी जुळवून बनवलेले असते. पल्सरचा फक्त सायलेन्सर बदलून त्या पंक्तीला बसता येईल, असे समजणे हा हेड बनवणाऱ्याच्या कसबाचा अपमान आहे.

बोअरविषयीही, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाविषयीही, असाच एक लहान घोळ आहे, तो थोडक्यात सांगतो. इंजिन झिजले की सिलिंडर आतून कोरून (बोअर करून) ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन बसवतात. ही दुरुस्ती आहे. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४९.५, ०.५० चा पिस्टन टाकला तर ९७.२ सीसीचे जेमतेम ९९ होतात, म्हणजे दोन टक्के वाढ. दुरुस्तीनंतर गाडी पळते ती या दोन टक्क्यांमुळे नव्हे, तर निसटलेले कॉम्प्रेशन परत मिळाल्यामुळे. बोअर-अप ही वेगळी गोष्ट आहे: चार मिलिमीटर मोठा पिस्टन घातला तर ११३ सीसी होतात, ताकद खरोखर वाढते, आणि त्याबरोबर लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, भिंत पातळ होते, उष्णता वाढते, क्रँक आणि क्लच यांच्यावर कंपनीने न धरलेला भार येतो. शिवाजी उद्यमनगरात लेथवर उत्तम काम करणारे कारागीर आहेत आणि ऑइल इंजिनांच्या काळापासून या शहराचा हात त्या कामाला बसलेला आहे; अचूक बोअर आणि होनिंग (आतल्या भिंतीची बारीक घासाई) इथे नक्की मिळेल. पण लायनर किती मिलिमीटर सोसेल हा प्रश्न मोटारसायकलच्या धातूचा आहे आणि त्याचे उत्तर कारागिराच्या हातात नसते.

सायलेन्सरविषयी माझा राग मी लपवत नाही. जाळी आणि पडदे काढलेला सायलेन्सर लावून ताकद वाढते ही समजूत दोन-स्ट्रोकच्या काळातून आलेली आहे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली यामाहाची ९८ सीसीची दोन-स्ट्रोक आरएक्स १०० सुमारे ११ अश्वशक्ती देत असे, आणि तिच्यासारख्या इंजिनात एक्झॉस्टचा आकार हा इंजिनाचाच भाग असतो: फुगीर भागातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. तिथे नळीचा आकार आणि पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्राची) उंची बदलून खरोखर काही अश्वशक्ती मिळवता येत असे, आणि त्या काळच्या मेकॅनिकांनी ती मिळवली. चार-स्ट्रोक इंजिनात मिश्रण अडवण्याचे काम व्हॉल्व्ह करतो, त्यामुळे शंभर सीसीच्या गाडीत सायलेन्सर रिकामा केल्याने बहुतांशी आवाजच वाढतो. राजारामपुरीच्या गल्लीत रात्री अकरा वाजता तो आवाज करणाऱ्याला ताकदीचे काही मिळालेले नसते आणि शेजारच्या घरातल्या आजाऱ्याची झोप मात्र मोडलेली असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आल्यावर छोट्या गाड्यांतही बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरच्या जागी इंधनाचे इंजेक्शन आले. तिथे सायलेन्सर आणि फिल्टर बदलून ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) मॅप, म्हणजे किती इंधन सोडायचे याचे तक्ते, जसेच्या तसे ठेवले, तर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ होण्याचा, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडण्याचा, धोका उरतो.

छोट्या गाडीचे आकर्षण मला तिच्या हलकेपणात दिसते, कारण तिथे प्रत्येक किलो आणि प्रत्येक अडथळा जाणवतो. ११२ किलोची गाडी आणि ६५ किलोचा चालक मिळून १७७ किलो होतात. मागे तेवढ्याच वजनाचा माणूस बसला की २४२. चढावर हा ३७ टक्के जास्त भार आहे, आणि कोणतेही बोअर-अप तो सहज भरून काढत नाही. म्हणून ताकद वाढवण्याआधी गमावलेली ताकद परत मिळवावी. मुख्य स्टँडवर गाडी उभी करून मागचे चाक हाताने फिरवून पाहावे: ब्रेक शू घासत असतील तर चाक एक फेरीही पुरी करत नाही, आणि आठ अश्वशक्तीच्या गाडीला हे फार महाग पडते. टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे) अंतर, एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि चेनचे तेल ही कामे झाल्यानंतरच स्प्रॉकेटचा विचार करावा.

कायद्याची बाजूही या दोन गोष्टींना वेगळे करते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहे. घनक्षमता त्या प्रमाणपत्रात नोंदलेली असते. बोअर-अपने ती खोटी ठरते.

ज्यांचे स्प्रॉकेट बदलायचे ठरले आहे त्यांनी पुढचा एक दात कमी करण्याचा मार्ग घ्यावा. या वर्गातल्या गाड्यांत सर्रास असलेल्या ४२८ चेनचा एक दुवा १२.७ मिलिमीटरचा असतो. पुढे एक दात कमी केला की मागचे चाक जेमतेम ३ मिलिमीटर मागे घेऊन ताण जमतो. मागे तीन दाते वाढवले तर चाक साडेनऊ मिलिमीटर पुढे घ्यावे लागते, आणि ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा नसेल तर लांब चेन घ्यावी लागते. लहान चक्रावर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते, म्हणून एकाऐवजी दोन दात कमी करण्याच्या फंदात पडू नये, आणि जुन्या चेनवर नवे स्प्रॉकेट कधीही चढवू नये. पुढचे, मागचे आणि चेन हे तिन्ही एकदमच बदलावेत.